शंभरातले सव्वादोन

१९७३ सालचा मार्च महिना. मुंबईतल्या एका नामांकित सर्जनची वर्षाची कमाई दोन लाखांच्या पुढे गेली आहे, आणि दवाखान्यात आणखी एक पेशंट ऑपरेशनची तारीख मागतो आहे. फी हजार रुपये. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पावती फाडली, रक्कम वहीत मांडली, तर हजारातले साडेबावीस रुपये त्यांचे. उरलेले नऊशे साडेसत्त्याहत्तर सरकारचे.

हे सर्जन मी कल्पनेतून उभे केले आहेत. हिशेब मात्र खरा आहे. दोन लाखांवरच्या उत्पन्नावर तेव्हा आयकराचा दर होता ८५ टक्के. त्या करावर १५ टक्के अधिभार. पंच्याऐंशीचे पंधरा टक्के म्हणजे पावणेतेरा. बेरीज ९७.७५. कमावणाऱ्याच्या हातात शंभरातले सव्वादोन.

आता डॉक्टरांनी काय करावं? ऑपरेशन करून निमूट कर भरावा, ही एक वाट. पेशंटला ‘सध्या वेळ नाही’ म्हणून लोणावळ्याला विश्रांतीला जावं, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे पावती न देता रोख आठशेच घ्यावेत. पेशंटचे दोनशे वाचले, डॉक्टरांच्या पदरात साडेबावीसच्या जागी आठशे पडले, दोघंही खूश. पहिल्या वाटेवर किती वर्दळ असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

कुणी म्हणेल, दोन लाखवाल्यांचं दुःख आपण कशाला वाहायचं? बरोबर आहे. त्या वर्षी दहा ग्रॅम सोन्याचा भाव तीनशे रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वर्षाला सहा-सात किलो सोनं येईल एवढी कमाई असणाऱ्यालाच हा दर लागत होता. बँकेतला कारकून, शाळामास्तर, गिरणीतला जॉबर यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण डॉक्टर लोणावळ्याला गेले तर ऑपरेशन राहिलं ते पेशंटचं. कारखानदाराने नवं यंत्र घेतलं नाही तर नोकरी मिळाली नाही ती त्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोराला. कर ज्याच्या नावावर लावला जातो, त्याचा भार त्याच्याच खांद्यावर राहतो असं नाही. तो घरंगळत खाली येतो. देशाचं राहणीमान आणि कर यांचा संबंध शोधायचा तर या घरंगळण्याकडेच पाहावं लागतं.

या ९७.७५ पर्यंत आपण एका रात्रीत पोचलो नाही. हिंदुस्थानात आयकर आला १८६० मध्ये, सत्तावन्नच्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी. तो आणणारा जेम्स विल्सन हा ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक. कर लावला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. स्वातंत्र्यानंतर चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृताच्या मालमत्तेवरचा कर आला. पण खरं वळण आलं ते १९५६ मध्ये.

त्या वर्षी केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डोर यांनी भारताच्या करपद्धतीवर एक अहवाल दिला. माणूस अतिशय बुद्धिमान. त्यांचं म्हणणं असं, की नुसता आयकर वाढवत नेला तर लोक पैसे लपवतात. त्यापेक्षा संपत्तीवर कर लावा, खर्चावर लावा, देणगीवर लावा, भांडवली नफ्यावर लावा. एकीकडे लपवलेलं दुसरीकडे उघडं पडेल. आणि हे सगळं केल्यावर आयकराचा सर्वांत वरचा दर ४५ टक्क्यांवर आणा.

सरकारने औषधं घेतली, पथ्य पाळलं नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी संपत्ती कर आणला, खर्च कर आणला, पाठोपाठ देणगी कर आला. आयकराचा वरचा दर काहीसा उतरला, पण पंचेचाळीसच्या जवळपासही गेला नाही. खर्च कराची तर गंमतच झाली. तो १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये पुन्हा गेला. या ये-जा करणाऱ्या पाहुण्याने तिजोरीत नाव घेण्यासारखं काही टाकलं नाही. कॅल्डोर पुढे ब्रिटिश गयानालाही सल्ला देऊन आले. तिथला १९६२ चा अर्थसंकल्प त्यांच्या नावानेच ओळखला गेला आणि राजधानी जॉर्जटाउनमध्ये दंगल पेटली. आपल्याकडे दंगल झाली नाही. आपले लोक अशा वेळी रस्त्यावर उतरत नाहीत, दुसरी वही घालतात.

१९७० चा अर्थसंकल्प पंतप्रधान इंदिरा गांधींनी स्वतः मांडला. अर्थखातं त्यांच्याकडेच होतं. वरचा दर अधिभार धरून ९३.५ टक्क्यांवर गेला. त्यानंतर अर्थमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. १९७१ मध्ये त्यांनी अधिभार वाढवला आणि आकडा ९७.७५ झाला. यशवंतरावांना दोष देण्याआधी ते वर्ष आठवायला हवं. ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर निवडणूक नुकतीच जिंकलेली. पूर्व बंगालमधून कोटीभर निर्वासित येत होते. वर्षअखेरीस युद्ध झालं. पोस्टाच्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं तिकीट लावावं लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. पैसा हवा होता, आणि तो श्रीमंतांकडून घेतो आहोत हे दिसायलाही हवं होतं.

त्याच अर्थसंकल्पात संपत्ती कराचा वरचा दर पाचावरून आठ टक्क्यांवर गेला. पंधरा लाखांच्या पुढच्या संपत्तीला तो लागू होता. आता या दोन करांची गाठ घालून पाहा. अशा श्रीमंताने जादाचे एक लाख रुपये दहा टक्क्यांनी गुंतवले. वर्षाला दहा हजार आले. आयकर गेला ९,७७५. उरले २२५. त्या लाखावर संपत्ती कर ८,०००. म्हणजे एक लाख रुपये गुंतवल्याबद्दल त्याने पदरचे ७,७७५ भरायचे. याला मी कर म्हणणार नाही. पैसा उद्योगात घालणाऱ्याला केलेला हा दंड होता. तोच लाख त्याने सोन्याच्या विटांत घालून भिंतीत चिणला, किंवा भाच्याच्या नावावर जमीन घेतली, तर दंड माफ.

लोकांनी तेच केलं. बेनामी हा शब्द कायद्याच्या पुस्तकातून उठून घराघरांत आला. मुंबईत फ्लॅट घेताना ‘व्हाइट किती, ब्लॅक किती’ हा पहिला प्रश्न झाला. कंपन्यांनी साहेबांचे पगार वाढवणं सोडलं आणि त्यांना मलबार हिलवर घर, गाडी, ड्रायव्हर आणि क्लबचं सभासदत्व द्यायला सुरुवात केली, कारण पगार कापला जायचा, ड्रायव्हर कापला जात नव्हता. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, हे ध्यानात येताच ज्यांनी आयुष्यात नांगर पाहिला नव्हता असे लोक शेतकरी झाले. त्यांच्या शेतात कागदावर जे पीक येई, ते पाहून कृषी विद्यापीठांनी लाजावं. देशातली सर्वांत तल्लख डोकी यंत्र सुधारण्याऐवजी वह्या सुधारण्यात खर्ची पडली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात हे नुकसान कुठेच दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच.

हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. माजी सरन्यायाधीश के. एन. वांच्छू यांच्या समितीने १९७१ च्या अखेरीस अहवाल दिला. कर चुकवलेलं उत्पन्न १९६८-६९ या एका वर्षात १,४०० कोटी रुपये असावं, असा समितीचा अंदाज होता. इतके चढे दर हेच करचुकवेगिरीचं मूळ आहे, ते ७५ टक्क्यांवर आणा, असं समितीने सुचवलं. आणि ज्या यशवंतरावांच्या काळात दर ९७.७५ वर गेला, त्याच यशवंतरावांनी १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ टक्क्यांवर आणला. त्यांच्या नावावर आपण शिखर तेवढं लिहितो. उताराची सुरुवातही त्यांचीच आहे.

मग गरिबांचं काय झालं? योजना आयोगाच्या नंतरच्या आकडेवारीनुसार १९७३-७४ मध्ये देशातले जवळपास ५५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. श्रीमंतांवर इतिहासातला सर्वांत कडक कर होता, त्याच वर्षी निम्म्याहून अधिक देशाला पोटभर अन्न परवडत नव्हतं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. दुष्काळ होता, युद्ध नुकतंच संपलं होतं, १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव कडाडले. पण गरिबांसाठी म्हणून लावलेल्या कराने गरिबांना फारसं काही मिळालं नाही, एवढं तर दिसतंच.

मिळणार कुठून? ९७.७५ हे दाखवायचे दात होते. खायचे दात वेगळे होते, आणि ते काडेपेटीत, साखरेत, रॉकेलमध्ये, तंबाखूत, कापडात लपले होते. स्वातंत्र्याच्या सुरुवातीला केंद्र आणि राज्यं मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या आसपास कर गोळा करत. १९८० चं दशक संपताना हे प्रमाण सोळाच्या आसपास गेलं. ही वाढ श्रीमंतांच्या आयकरातून आली नाही. १९९० च्या सुमारास एकूण करवसुलीत प्रत्यक्ष करांचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा होता. बाकी सगळं अबकारी, विक्रीकर, सीमाशुल्क. म्हणजे वाढत्या सरकारचा खर्च कोण उचलत होतं? दुकानात काडेपेटी घेणारी बाई. तिला कुणी करदाती म्हणत नव्हतं, आणि आपण कर भरतो हे तिलाही माहीत नव्हतं.

हा पैसा जात कुठे होता ते आता पाहू. १९५१ मध्ये केंद्र सरकारचे उद्योग होते पाच, त्यांतली गुंतवणूक २९ कोटी. १९९० पर्यंत उद्योग २४४ झाले आणि गुंतवणूक ९९ हजार कोटींच्या वर. या वाढीला सरसकट नाकं मुरडणारे लोक असतात, त्यांना मी पिंपरीला घेऊन जाईन. १९५४ मध्ये तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. पेनिसिलिन तोवर परदेशातून यायचं. ते पिंपरीत बनू लागलं. तिथल्याच संशोधकांनी हॅमायसिन नावाचं नवं बुरशीनाशक औषध शोधून काढलं; त्याच्या नावातली पहिली अक्षरं कारखान्याचीच आहेत. न्यूमोनिया झालेलं पोर वाचणं म्हणजे राहणीमान सुधारणं नाही, तर दुसरं काय? त्या काळात एवढी जोखीम घ्यायला खासगी भांडवल तयार नव्हतं. सरकारने घेतली, चांगलं झालं.

गोष्ट बिघडली ती पुढे. जिथे दुसरं कुणी जात नव्हतं तिथे जाणारं सरकार, जिथून बाकीचे पळत होते तिथेही जाऊ लागलं. १९७४ मध्ये १०३ आजारी कापड गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांत मुंबईतल्याही होत्या. कामगारांची नोकरी वाचवण्याचा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. पण जुनी यंत्रं तीच राहिली, तोटा तोच राहिला, फक्त तो भरून काढणारा खिसा बदलला. काडेपेटीवरच्या करातला पैसा आता तोट्यातल्या गिरणीत जाऊ लागला. नव्या गिरणीत तो गेला असता, तर कदाचित कापड स्वस्त झालं असतं.

आणि जिथे सरकार स्वतः गेलं नाही तिथे त्याचा परवाना गेला. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनत. मागणी प्रचंड, पण किती बनवायच्या ते दिल्लीतला कागद ठरवायचा. स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मुलीच्या जन्मानंतर नंबर लावला तर लग्नात जावयाला देता येईल, असा विनोद आमच्याकडे चालायचा, आणि त्यात विनोद फारसा नव्हता. टेलिफोनचं तेच. १९९० च्या सुमारास ८५ कोटींच्या देशात फोन होते ५० लाखांच्या आसपास. गल्लीत ज्यांच्याकडे फोन असे त्यांच्या खिडकीखाली उभं राहून ‘काकू, आमचा फोन येणार आहे’ असं ओरडलेल्यांना राहणीमान या शब्दाचा अर्थ आकडेवारीतून शिकायची गरज नाही.

सोन्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. चीनयुद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी. मराठी घरात मंगळसूत्र चौदा कॅरटचं! सराफ कट्ट्यावरच्या सोनारांचे हात थांबले. पिढ्यान्‌पिढ्या फुंकणी आणि ऐरण याशिवाय काही न शिकलेली माणसं बेकार झाली. सोन्याची हौस मात्र थांबली नाही. ते कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर रात्री उतरू लागलं. एका धंद्याची भाकरी काढून घेतली आणि दुसऱ्या, काळ्या धंद्याला साम्राज्य दिलं. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा जायला १९९० उजाडलं. तो रद्द करण्याचा निर्णय अर्थसंकल्पात मांडणारे अर्थमंत्री होते मधु दंडवते. मोरारजी उजवे आणि दंडवते समाजवादी. यातून कुणी काय तो बोध घ्यावा.

या सगळ्याची बेरीज एका आकड्यात सांगता येते. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीस वर्षं देशाचं उत्पन्न वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढत होतं. लोकसंख्या सव्वादोनच्या आसपास. माणशी वाढ उरली सव्वा टक्का, फार तर थोडी जास्त. या वेगाने माणसाचं उत्पन्न दुप्पट व्हायला पन्नासहून अधिक वर्षं लागतात. आजोबांच्या ताटात जेवढं होतं त्याच्या दुप्पट वाढलं जायला नातवाचं लग्न यावं लागे. पाच टक्क्यांचा वेग असेल तर चौदा वर्षांत काम होतं. राज कृष्ण या अर्थतज्ज्ञांनी या संथ गतीला ‘हिंदू विकासदर’ असं खोचक नाव दिलं. नाव चुकीचं होतं, कारण त्यात धर्माचा काही दोष नव्हता. दोष परवान्यांचा होता, बंद दारांचा होता आणि काही अंशी करांचाही. माझं मत विचाराल तर या तिघांत परवाना सर्वांत मोठा गुन्हेगार आणि कर त्याचा साथीदार.

इथवर वाचून ‘सरकार लहान करा, कर कमी करा, देश श्रीमंत होईल’ असं सूत्र ज्यांच्या मनात तयार झालं असेल, त्यांनी जरा स्वीडनला जाऊन यावं.

१९७६ मध्ये ॲस्ट्रिड लिंडग्रेन या जगप्रसिद्ध बालसाहित्यिक बाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला वरच्या उत्पन्नावर १०२ टक्के कर लागतो आहे. म्हणजे आपल्या सव्वादोनांच्याही खाली, उणे दोन. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आयकराबरोबर मालकाच्या वाट्याची सामाजिक वर्गणीही त्यांनाच भरावी लागत होती. बाईंनी कर चुकवला नाही. त्यांनी एक परीकथा लिहिली आणि ‘एक्सप्रेसेन’ या दैनिकाने ती छापली. अर्थमंत्री संसदेत म्हणाले, बाईंना गोष्टी चांगल्या येतात, हिशेब येत नाही. बाईंनी उत्तर दिलं, की अर्थमंत्र्यांना गोष्टी छान रचता येतात, तेव्हा आम्ही नोकऱ्यांची अदलाबदल करू. हिशेब बाईंचाच बरोबर निघाला. त्याच वर्षी जानेवारीत इंगमार बर्गमन या दिग्दर्शकाला कराच्या प्रकरणात पोलिसांनी नाटकाच्या तालमीतून उचलून नेलं. आरोप टिकला नाही, पण बर्गमन देश सोडून म्युनिकला गेले. ‘इकिया’चे संस्थापक त्याआधीच, १९७३ मध्ये, बाहेर पडले होते. आणि सप्टेंबर १९७६ च्या निवडणुकीत चव्वेचाळीस वर्षं सत्तेवर असलेला सोशल डेमोक्रॅट पक्ष हरला.

स्वीडनमध्ये सरकारी खर्च १९६० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दोन तृतीयांशांवर गेला. १९७० मध्ये श्रीमंत देशांच्या यादीत चौथा असलेला देश दहाच्या खाली घसरला. सप्टेंबर १९९२ मध्ये चलन वाचवण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने एक व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. पाचशे! मग त्यांनी घर आवरायला घेतलं. वरचे दर १९९१ मध्येच पन्नास टक्क्यांच्या आसपास आणले होते, वारसा कर २००४ मध्ये काढला, संपत्ती कर २००७ मध्ये.

पण सरकार लहान केलं का? नाही. आजही स्वीडन राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक कर घेतो आणि जगातल्या सर्वांत सुखी, श्रीमंत देशांत गणला जातो. तिथला सामान्य नोकरदार पगारावर तीस टक्क्यांच्या आसपास दराने आयकर देतो, तो नगरपालिकेला आणि प्रादेशिक परिषदेला. हो, नगरपालिकेला. त्या पैशातून चालणारी शाळा त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. शाळा बिघडली तर जाब कुणाला विचारायचा हे त्याला माहीत असतं, आणि विचारायचा हक्क आहे हेही, कारण कर त्याच्या पगाराच्या कागदावर छापलेला असतो. आपल्या काडेपेटीवाल्या बाईकडे असा कागद नव्हता. स्वीडनचा कर आपल्यापेक्षा कितीतरी जड होता, पण तो आंधळा नव्हता.

आपल्याकडे उतार हळूहळू झाला. १९७६ मध्ये वरचा दर ६६ टक्के. १९८५ मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांनी ५० टक्के केला, आणि त्याच वेळी मृताच्या मालमत्तेवरचा करही काढला. वर्षाला तो कर वीस कोटींच्या आसपास देई, आणि वसुलीचा खर्च त्या मानाने भारी. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला. १९९७ मध्ये पी. चिदंबरम यांनी १०, २०, ३० अशा तीन पायऱ्या ठेवल्या. दर ९७ वरून ३० वर आला आणि वसुली घटली नाही, वाढत गेली. आज केंद्राच्या करवसुलीत निम्म्याहून जास्त वाटा प्रत्यक्ष करांचा आहे. श्रीमंतांकडून खरोखर कर मिळू लागला तो दर उतरल्यावर.

याचं सगळं श्रेय उतरलेल्या दरांना देणं मात्र चूक ठरेल. उगमस्थानी करकपातीची व्याप्ती वाढली, पॅन कार्ड आलं, संगणक आले, उद्योग वाढले. कर कमी करा की वसुली आपोआप वाढते, अशा भाबड्या समजुतीने अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये कर कापले. तिजोरीला भोक पडलं, शाळांच्या पैशांवरून भांडणं झाली आणि २०१७ मध्ये कर कापणाऱ्या पक्षाच्याच बहुमताच्या विधिमंडळाने ती कपात मागे घेतली. सत्त्याण्णववरून खाली येणं आणि कॅन्ससच्या सहावरून खाली येणं यांत फरक असतो.

आता जे सांगायचं ते आपल्याच राज्यातलं आहे, आणि त्या सत्त्याण्णव टक्क्यांच्याच वर्षांतलं.

सर्जनसाहेबांच्या हजार रुपयांचा हिशेब आपण मांडला तेव्हा, १९७३ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचा, नालाबांध घालायचा, आठवड्याला मुकादमाच्या हजेरीपटावर अंगठा उठवायचा. खायला अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आणि मुलांना सुकडीचा खाऊ. त्या काळातल्या लोकांना मिलोची चव अजून आठवते, आणि आठवली की तोंड वाकडं होतं. पण माणसं जगली.

तासगावकडचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम हा हक्क असावा, ही कल्पना त्यांनी लावून धरली. त्यातून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या पगारदारांवर एक छोटा कर: व्यवसाय कर, १९७५ चा. वर्षाला जास्तीत जास्त २५० रुपये. जेवढा हा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. मुंबईतल्या कारकुनाच्या खिशातून निघालेला पैसा माणच्या माळरानावर मजुरी होऊन पोचायचा, आणि कशासाठी कापला हे कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. बोगस मस्टर झाले, मुकादमांनी खाल्लं, रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, हे सगळं खरं. तरीही सत्त्याण्णव टक्क्यांनी जे जमलं नाही ते या अडीचशे रुपयांनी बऱ्याच अंशी करून दाखवलं. पुढे २००५ मध्ये देशाने याच योजनेच्या धर्तीवर कायदा केला.

केंद्राची योजना आल्यावर मजुरीचा मुख्य भार केंद्राकडे गेला. व्यवसाय कर गेला नाही. त्याची मर्यादा घटनादुरुस्तीने १९८८ मध्येच अडीच हजारांवर नेली होती. पगाराची स्लिप हाताशी असेल तर काढून पाहा. ‘पी. टी.’ अशा दोन अक्षरांपुढे तो आकडा असतो: दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे.